तिसरं कलम : क्रिमियन युद्धातला हुकलेला तह

१८५४ च्या ऑगस्टमध्ये क्रिमियन युद्ध थांबायला काही हरकत नव्हती. रशियानं तुर्की साम्राज्यातली मोल्दाविया आणि वालाचिया ही डॅन्यूबकाठची दोन संस्थानं व्यापली, म्हणून ब्रिटन आणि फ्रान्स युद्धात उतरले होते. ऑगस्टमध्ये रशियन फौजा तिथून परत फिरत होत्या आणि त्यांची जागा ऑस्ट्रियाचं सैन्य घेत होतं. पण त्याच दिवसांत तिकडे काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वार्ना बंदरात ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूची साठ हजार माणसं काळा समुद्र ओलांडून क्रिमियात उतरवायची तयारी जोरात सुरू होती.

पुढच्या दहा महिन्यांत एकीकडे सेवास्तोपोल या क्रिमियातल्या रशियन आरमारी तळाचा वेढा चालला आणि दुसरीकडे व्हिएन्नात तहाची बोलणी. या लेखापुरता मी तेवढाच तुकडा घेतला आहे. बालाक्लावाच्या लढाईतल्या इंग्रज घोडदळाच्या त्या प्रसिद्ध धावेबद्दल आणि नाइटिंगेलबाईंबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. शिपाई आणि मुत्सद्दी यांच्या गोष्टी मात्र आपण नेहमी वेगवेगळ्या वाचतो. त्या एकत्र वाचल्या की एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. शिपायांच्या हालांमुळे तह जवळ आला नाही, उलट लांबला.

भांडणाचं मूळ

वाद सुरू झाला बेथलेहेमच्या चर्चवरून. येशूच्या जन्मस्थानी कोणाचा हक्क मोठा, कॅथलिकांचा की ऑर्थोडॉक्सांचा? कॅथलिकांच्या मागे फ्रान्सचा तिसरा नेपोलियन उभा होता, ऑर्थोडॉक्सांच्या मागे झार पहिला निकोलस. १८५२ च्या अखेरीस सुलतानानं किल्ल्या कॅथलिकांच्या हाती दिल्या. झारनं १८५३ मध्ये प्रिन्स मेन्शिकोव्हला इस्तंबूलला धाडलं. त्याची मागणी किल्ल्यांवर थांबणारी नव्हती. सुलतानाच्या राज्यातल्या सगळ्या ऑर्थोडॉक्स रयतेवर, म्हणजे लक्षावधी माणसांवर, रशियाचा संरक्षणाचा हक्क त्याला लेखी हवा होता. कुठल्याही राजाला हे मान्य होणं कठीणच. मेन्शिकोव्ह मे महिन्यात रिकाम्या हातानं परतला आणि जुलैत रशियन सैन्यानं प्रुत नदी ओलांडून दोन्ही संस्थानं ताब्यात घेतली.

ऑस्ट्रिया, ब्रिटन, फ्रान्स आणि प्रशिया या चार सत्तांनी त्याच महिन्यात व्हिएन्नात एक मसुदा तयार केला. झारनं तो ताबडतोब स्वीकारला. सुलतानानं दुरुस्त्या मागितल्या. मसुद्याचा अर्थ रशिया आपल्या सोयीनं लावील, ही त्याची भीती होती. ती खोटी नव्हती, कारण रशियन परराष्ट्रमंत्री नेसेलरोड यानं लावलेला अर्थ सप्टेंबरात वर्तमानपत्रात फुटला आणि तो तुर्कांना वाटत होता तसाच निघाला. मसुदा तिथेच मेला. ऑक्टोबरात तुर्कस्ताननं युद्ध पुकारलं. ३० नोव्हेंबर १८५३ रोजी सिनोपच्या बंदरात रशियन ॲडमिरल नाखिमोव्हनं तुर्की ताफा जाळून टाकला. ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांनी त्याला कत्तल म्हटलं आणि मार्च १८५४ च्या अखेरीस ब्रिटन आणि फ्रान्स दोघेही युद्धात उतरले.

सिनोपचं महत्त्व ध्यानात ठेवायला हवं. काळ्या समुद्रातलं रशियन आरमार ही लंडनच्या मनातली सल तिथून सुरू झाली. हीच सल पुढे ‘तिसरं कलम’ झाली.

कारण संपलं, मोहीम उरली

जूनमध्ये ऑस्ट्रियानं रशियाला संस्थानं सोडायला बजावलं आणि सीमेवर फौज उभी केली. डॅन्यूबकाठच्या सिलिस्ट्रा किल्ल्याचा वेढा तुर्कांनी मोठ्या जिद्दीनं झेलला होता. रशियानं तो उठवला आणि माघार सुरू केली. ८ ऑगस्टला ब्रिटन, फ्रान्स आणि ऑस्ट्रिया यांनी तहाचा पाया म्हणून चार कलमं ठरवली. संस्थानांवर रशियाऐवजी युरोपची सामायिक हमी असावी, डॅन्यूबवरची वाहतूक खुली असावी, इस्तंबूलजवळच्या सामुद्रधुनीतून परक्या युद्धनौकांना बंदी घालणारा १८४१ चा करार युरोपातल्या सत्तासमतोलाच्या दृष्टीनं बदलावा, आणि ऑर्थोडॉक्स रयतेवरचा एकट्याचा दावा रशियानं सोडावा. तिसऱ्या कलमाचे शब्द मुद्दाम मोघम ठेवले होते. त्यांतून नेमकं काय मागायचं ते रणांगणावरच्या यशावर ठरणार होतं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची चूक इथे आहे. मागणी आधी ठरवून सैन्य पाठवलं असतं, तर मागणी पुरी झाल्यावर सैन्य परत बोलावता आलं असतं. इथे सैन्य आधी निघालं आणि मागणी त्याच्या मागून वाढत गेली.

वार्नाला थांबलेल्या शिपायानं तोवर शत्रू पाहिलाही नव्हता, पण तो मरू लागला होता. पटकीनं छावण्याच्या छावण्या आजारी पडल्या. दोब्रुजात गेलेल्या फ्रेंच तुकड्यांची हजारो माणसं गोळी न झाडता गेली. त्यात ऑगस्टमध्ये वार्ना गावाला आग लागून साठे जळाले. इतकं सोसलेलं सैन्य काहीही न करता घरी नेलं, तर लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न लंडन आणि पॅरिस दोन्हीकडे होता. सेवास्तोपोलची मोहीम आधीपासून मनात होतीच. आता तिला हेही कारण मिळालं.

१४ सप्टेंबरला सैन्य कालामिता उपसागरात उतरलं. इंग्रज शिपायांचे तंबू जहाजांवरच राहिले आणि पहिल्याच रात्री धो धो पाऊस पडला. सहा दिवसांनी आल्मा नदीवर रशियनांचा पराभव झाला. सेवास्तोपोल आठवड्याभरात पडेल असं अनेकांना वाटत होतं. पण रशियनांनी आपलीच काही जहाजं बंदराच्या तोंडाशी बुडवून समुद्राची वाट अडवली आणि तोफा नि खलाशी उतरवून बुरुजांवर चढवले. म्हणजे ज्या आरमाराची लंडनला भीती होती, ते सप्टेंबरातच समुद्र सोडून मातीत गेलं होतं.

हिवाळा

१७ ऑक्टोबरला तोफांचा पहिला मोठा मारा झाला. तो फसला. पुढे इंग्रजांची रसद जिथे उतरायची त्या बालाक्लावा बंदराजवळची लढाई आणि मग ५ नोव्हेंबरला धुक्यातली इंकरमनची लढाई, जिथे कित्येक तुकड्यांना समोर कोण आहे तेच कळत नव्हतं. इथून पुढे हिवाळा क्रिमियातच काढावा लागणार हे उघड झालं आणि त्यासाठी कसलीच तयारी नव्हती.

१४ नोव्हेंबरला वादळ आलं. तंबू उडाले, इस्पितळांचे तंबूही उडाले आणि आजारी माणसं चिखलात उघडी पडली. बालाक्लावाबाहेर नांगरलेली जहाजं कड्यांवर आपटून फुटली. त्यांत ‘प्रिन्स’ होतं, नुकतंच आलेलं. सैन्याचे हिवाळी कपडे त्याच जहाजात होते. दारूगोळा घेऊन आलेलं ‘रेझोल्यूट’ही गेलं.

बालाक्लावापासून वेढ्याच्या छावण्या जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. पक्का रस्ता बालाक्लावाच्या लढाईनंतर हातातून गेला होता आणि उरलेल्या कच्च्या वाटेचा पावसानं चिखल झाला. चंदी नाही म्हणून घोडे मरू लागले. भुकेनं ते एकमेकांच्या शेपट्या खात होते. घोडे मेल्यावर ओझी माणसांवर आली. रात्रभर गुडघाभर पाण्यात खंदकाचा पहारा करायचा आणि सकाळी त्याच ओल्या कपड्यांत बंदरापर्यंत चालत जाऊन आपलं आपलं खाणं पाठीवर आणायचं, असा इंग्रज शिपायाचा दिवस होता. खाणं म्हणजे खारवलेलं मांस आणि बिस्किट. कॉफी मिळायची ती हिरव्या, न भाजलेल्या बियांची. भाजायला सरपण नाही, दळायला जातं नाही. शिपाई सापडतील ती मुळं खणून जाळत आणि तोफगोळ्यानं बिया ठेचत. स्कर्व्हीनं हिरड्या सडल्या की ते बिस्किटही चावता येत नसे. स्कर्व्हीवरचा लिंबाचा रस डिसेंबरात बालाक्लावाला येऊन पडला होता. तो वाटण्याचा हुकूम फेब्रुवारीपर्यंत निघाला नाही, कारण तो रोजच्या शिध्याच्या यादीत नव्हता. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत जास्त संताप या रसाचा येतो. वादळावर कोणाचा इलाज नव्हता. हे मात्र हाताच्या अंतरावर होतं.

जानेवारीत इंग्रज छावणीत आजाऱ्यांची संख्या धडधाकट माणसांपेक्षा जास्त झाली. फ्रेंचांची व्यवस्था त्या हिवाळ्यात पुष्कळ बरी होती. त्यांच्या भट्ट्या होत्या आणि खेचरांच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या बांधलेलं रुग्णवाहतुकीचं पथक होतं. इंग्रज आजाऱ्यांनाही बंदरावर पोहोचवलं ते बरेचदा याच फ्रेंच खेचरांनी. तिथून जहाजानं इस्तंबूलसमोरचं स्कुतारी. तिथल्या बराकीच्या इस्पितळाखालची गटारं तुंबलेली होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या दर शंभरातले चाळीसहून अधिक रुग्ण दगावत होते. मार्चमध्ये आरोग्य आयोग आला, गटारं उपसली, आणि उन्हाळ्यापर्यंत हे प्रमाण अगदी खाली आलं.

तुर्की शिपायांविषयी फार कमी बोललं जातं. बालाक्लावाच्या टेकड्यांवरचे मोर्चे त्यांच्याकडे होते आणि पहिल्या मोर्चावर ते मोठ्या रशियन फौजेपुढे तासाहून अधिक वेळ टिकले. बक्षीस काय मिळालं, तर पळपुटे म्हणून शिव्या, हमालीची कामं, आणि त्या हिवाळ्यात सगळ्यांत वाईट इस्पितळ.

भिंतीपलीकडचा रशियन शिपाई बहुतेक भूदास होता. सैन्यात गेला की वर्षानुवर्षं घर नाही. कित्येक गावांत भरती झालेल्या पोराला मेला समजूनच निरोप देत. मॉस्कोच्या दक्षिणेला रेल्वे नव्हती, त्यामुळे कुमक पायी यायची आणि रसद बैलगाड्यांवर. लंडनहून जहाजानं निघालेली पेटी क्रिमियात लवकर पोहोचत होती, रशियाच्या पोटातून निघालेली पलटण उशिरा. तरीही लष्करी इंजिनिअर टोटलेबेनच्या आखणीनुसार दिवसा फुटलेले बुरूज रात्रीतून पुन्हा उभे राहत. त्यांत खलाशी होते, कैदी होते, बायका होत्या. डॉक्टर पिरोगोव्ह तिथे जखमींची वर्गवारी करून कोणावर आधी शस्त्रक्रिया करायची ते ठरवत होता आणि मोडलेल्या हाडांना प्लास्टर घालत होता. लष्करी वैद्यकातला हा मोठा टप्पा होता. १८५५ च्या वसंतात रशियाच्या अनेक भागांत अफवा पसरली, की जो लढायला जाईल त्याला झार गुलामीतून मोकळं करील. शेतकऱ्यांच्या झुंडी भरतीला निघाल्या आणि सरकारनं त्यांना बळानं माघारी पाठवलं.

मार्च १८५५

लंडनच्या ‘टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल छावणीत होता. त्याच्या पत्रांनी ब्रिटन हादरलं. २९ जानेवारीला सैन्याच्या दुर्दशेची चौकशी करावी असा ठराव पार्लमेंटात ३०५ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर झाला आणि अॅबर्डीनचं सरकार पडलं. अॅबर्डीन हा युद्धाला मनातून कधीच राजी नसलेला माणूस. त्याच्या जागी आला पामर्स्टन, ज्याला रशियाला कायमचं मागे रेटायचं होतं. शिपायांच्या हालांवर लोक चिडले, त्यांनी सरकार बदललं, आणि नवं सरकार तहाला जास्त नाराज निघालं. लोकांचा राग रास्तच होता. पण तो युद्ध का चाललं आहे यावर नव्हता, ते नीट का चालत नाही यावर होता.

२ मार्चला झार निकोलस वारला. १५ मार्चला व्हिएन्नात परिषद बसली. ऑस्ट्रियाचा बुओल अध्यक्ष, रशियाचा गोर्चाकोव्ह, ब्रिटनचा लॉर्ड जॉन रसेल. पहिली दोन कलमं काही बैठकांत मान्य झाली. म्हणजे ज्या संस्थानांवरून युद्ध पेटलं, त्यांचा प्रश्न मार्चमध्येच टेबलावर सुटला होता.

२४ मार्चला सेवास्तोपोलसमोर पांढरी निशाणं लागली. दोन रात्रींपूर्वी रशियनांनी खंदकांवर जोराचा छापा घातला होता आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात प्रेतांचा खच पडला होता. ती उचलण्यापुरता युद्धविराम. दोन्हीकडचे अधिकारी गप्पा मारू लागले, चिरूट पेटवून दिले गेले, शिपायांनी तंबाखूची देवघेव केली. निशाणं उतरली आणि तोफा पुन्हा सुरू झाल्या.

दोनच दिवसांनी, २६ मार्चला, व्हिएन्नात तिसरं कलम चर्चेला आलं. काळ्या समुद्रातल्या रशियन युद्धनौकांवर मर्यादा घाला, असं आता ब्रिटन-फ्रान्सचं स्पष्ट म्हणणं होतं. हरलेला नसताना आपल्याच किनाऱ्यावर किती जहाजं ठेवायची हे दुसऱ्यानं ठरवणं गोर्चाकोव्हला मान्य होणं शक्य नव्हतं. एप्रिलमध्ये फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री द्रुअँ द ल्युई स्वतः व्हिएन्नाला आला. त्याच महिन्यात, ९ तारखेपासून, शहरावर दुसरा मोठा मारा सुरू होता आणि रोज शेकडो रशियन माणसं पडत होती.

बुओलनं तोडगा काढला. रशियानं आपलं आरमार युद्धाआधीच्या पातळीवर ठेवावं, वाढवू नये. तोलाला दोस्तांच्या, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सच्या, नौकांना काळ्या समुद्रात मुभा असावी. रशियानं हद्द ओलांडली तर ऑस्ट्रियानं युद्धात उतरावं. तोडगा परिपूर्ण नव्हता. रशियानं तो स्वीकारला असता याचीही खात्री देता येत नाही. पण द्रुअँ आणि जॉन रसेल, दोघांनाही तो आपापल्या राजधान्यांकडे नेण्याजोगा वाटला. मी त्यांच्या बाजूचा आहे. ज्या समुद्रातल्या जहाजांवर भांडण होतं, ती जहाजं तेव्हा बंदरात बुडालेली होती किंवा वेढ्यात अडकलेली होती.

दोन्ही राजधान्यांनी तोडगा झिडकारला. पॅरिसमध्ये युद्धमंत्री मार्शल व्हेयाँ यानं सैन्याच्या प्रतिष्ठेचा मुद्दा काढला. इतकं सोसून सेवास्तोपोल न घेता परतणं सैन्याला सहन होणार नाही, असा त्याचा सूर होता. खंदकातल्या शिपायाला कोणी विचारलं नव्हतं, पण त्याच्या नावानं निर्णय झाला. द्रुअँनं मेमध्ये राजीनामा दिला, जॉन रसेलला जुलैत पायउतार व्हावं लागलं. ४ जूनला परिषद औपचारिकपणे संपली.

एप्रिलअखेर काळ्या समुद्राच्या तळातून तारेची केबल क्रिमियापर्यंत आली होती. आता पॅरिसचा सम्राट रोजच्या रोज सेनापतीला हुकूम पाठवू लागला. कान्रोबेर त्याला कंटाळून बाजूला झाला. त्याच्या जागी आलेला पेलिसिए कित्येक तारांकडे काणाडोळा करायचा. ती केबल तह घडवायला कोणी वापरली नाही.

खडकी आणि ब्रह्मावर्त

या प्रकरणाचे दोन धागे आपल्याकडे येतात. दहावी हुसार्स ही गोरी घोडदळाची पलटण पुण्याजवळ खडकीच्या छावणीत होती. तिला मुंबईहून सुएझमार्गे १८५५ च्या वसंतात क्रिमियात नेलं गेलं. व्हिएन्नात बोलणी मोडत होती तेव्हा खडकीचे घोडे बालाक्लावाला उतरत होते.

दुसरा धागा जास्त महत्त्वाचा. दुसऱ्या बाजीरावाची आठ लाखांची पेन्शन कंपनीनं बंद केली, ती मिळवायला नानासाहेब पेशव्यांनी अजीमुल्ला खानाला लंडनला पाठवलं होतं. तिथे दाद लागली नाही. परतताना तो इस्तंबूलहून मुद्दाम क्रिमियात गेला. १८ जून १८५५ रोजी, वॉटर्लूच्या लढाईला चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, दोस्तांनी मालाकोव्ह आणि रेदान या बुरुजांवर हल्ला केला होता. तो सपशेल फसला आणि सुमारे पाच हजार माणसं पडली. फ्रेंच-इंग्रजांना एकत्र हरवणारे हे रशियन रुस्तम मला पाहायचे आहेत, असं अजीमुल्ला म्हणाल्याचं ‘टाइम्स’च्या रसेलनं नोंदवून ठेवलं आहे. त्यानं रशियन तोफखान्याचा मारा डोळ्यांनी पाहिला, इंग्रजांची थकलेली छावणी पाहिली, आणि मग तो ब्रह्मावर्ताला परतला. दोन वर्षांनी कानपुरात तो नानासाहेबांच्या शेजारी उभा होता. सत्तावनचा उठाव क्रिमियामुळे झाला असं म्हणणं चूक ठरेल. पण व्हिएन्नाच्या तोडग्यावर युद्ध मेमध्येच मिटलं असतं, तर १८ जूनचा तो पराभव अजीमुल्लाला पाहायला मिळाला नसता.

काय मिळालं

८ सप्टेंबरला फ्रेंचांनी मालाकोव्ह घेतला. इंग्रजांचा रेदानवरचा हल्ला पुन्हा फसला. त्या एका दिवसात दोन्हीकडची मिळून वीस हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. रात्री रशियनांनी तरंगत्या पुलावरून शहराचा दक्षिण भाग सोडला आणि उरलेली जहाजं बुडवली. डिसेंबरात ऑस्ट्रियानं निर्वाणीचा खलिता पाठवला, जानेवारीत झार दुसऱ्या अलेक्झांडरनं तो मानला. त्या दुसऱ्या हिवाळ्यात इंग्रज छावणीत लाकडी झोपड्या, रेल्वे आणि गरम कपडे होते. या वेळी मरत होते ते फ्रेंच, टायफसनं. पॅरिसमध्ये फेब्रुवारी-मार्च १८५६ मध्ये मेजवान्यांसह परिषद चालू असताना फ्रेंच इस्पितळं भरून वाहत होती.

युद्धात ब्रिटनची सुमारे एकवीस हजार माणसं गेली, फ्रान्सची नव्वद हजारांवर. दोघांचेही बहुतेक बळी रोगांचे. रशियाचे मृत्यू काही लाखांत होते.

३० मार्च १८५६ च्या तहानं काळा समुद्र तटस्थ केला. रशियानं तिथे आरमार ठेवायचं नाही, किनाऱ्यावर शस्त्रागारं बांधायची नाहीत. तिसरं कलम ब्रिटननं व्हिएन्नात मागितलं होतं त्याहूनही कडक स्वरूपात मिळालं. ३१ ऑक्टोबर १८७० ला, प्रशियापुढे फ्रान्स कोसळलेला असताना, रशियानं हे बंधन आपण मानत नसल्याचं पत्रकानं कळवलं. पत्रक काढणारा परराष्ट्रमंत्री होता तोच गोर्चाकोव्ह, व्हिएन्नाच्या टेबलावरचा. मार्च १८७१ मध्ये लंडनच्या परिषदेत सगळ्या सत्तांनी बंधन रद्द करण्यावर सह्या केल्या. रशियाला आपलं आरमार ठेवायची मोकळीक मिळाली, आणि गरज पडल्यास मित्र देशांच्या नौका सामुद्रधुनीतून आत घ्यायची मुभा सुलतानाला. बुओलनं एप्रिल १८५५ मध्ये मांडलेला तोलही साधारण याच जातीचा होता.